पॅरालीगल सर्टिफिकेट करावं का? खर्च आणि पुढे नोकरीचं काय (अमेरिका)

नवी_विटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी सॅक्रामेंटोजवळ राहते, एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसामुळे मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी (काम करायचा परवाना) नुकतंच हातात आलंय. भारतात बी.कॉम. केलं आणि मग एका बँकेत होमलोनच्या कागदपत्रांचं काम, म्हणजे सातबारा, इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, वकिलांचं टायटल ओपिनियन, हे सगळं तपासून फाईल पुढे सरकवायची. मग लग्न, इकडे येणं, मुलगी, आणि मोठ्ठी गॅप. आता ती शाळेत जाते आणि मला काम करायचंय. टेस्टिंग, डेटा ॲनालिटिक्स, स्क्रम मास्टर हे सगळं ओळखीच्यांनी सुचवून झालंय, मला त्यात काडीचा रस नाही. मला कागद वाचायला आवडतात, कुठे नाव वेगळं पडलंय, कुठे क्षेत्रफळ जुळत नाहीये ते पकडायला आवडतं. कोणीतरी पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा सहाय्यक, सुचवलं आणि वाचून वाटलं हे आपलं आहे.

दोन ठिकाणी चौकशी केली. एका खाजगी संस्थेचा ऑनलाईन कोर्स आहे, सहा महिने, ७,८०० डॉलर, बॅचलर्स हवं. दुसरं म्हणजे इथलं कम्युनिटी कॉलेज, ४६ डॉलर युनिट, पण संध्याकाळचे क्लास धरून किमान तीन सेमिस्टर लागतील म्हणाले. खाजगीवाल्या बाई दर दोन दिवसांनी फोन करतात आणि फार गोड बोलतात, त्याचंच जरा टेन्शन आलंय. नवरा म्हणतो पैशाचं बघू, पण त्यातून खरंच नोकरी लागणार का ते आधी विचार. तर विचारतेय. कोणी केलंय का? पैसे वसूल होतात का?

उगाच

माझा बॉस वकील आहे. पळा.

कागदी_घोडा

@उगाच :) 

ईएडीबद्दल अभिनंदन. मी लॉस एंजेलिसला सिव्हिल लिटिगेशनच्या (दिवाणी दाव्यांच्या) फर्ममध्ये पॅरालीगल आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत पॅरालीगलला लायसन्स वगैरे लागत नाही, वकील ज्याला पॅरालीगल म्हणून ठेवेल तो पॅरालीगल. कॅलिफोर्नियात लायसन्स नाही पण स्वतःला पॅरालीगल कोणी म्हणवून घ्यायचं हे मात्र कायद्यात लिहून ठेवलंय. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड, कलम ६४५०. फोनवाल्या बाईंशी पुढचं बोलण्याआधी ते स्वतः वाचा. त्यात आत शिरायच्या तीन वाटा आहेत (चौथी होती, नुसत्या अनुभवावरची, ती २००३ च्या शेवटी बंद झाली). पहिली, एबीए म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनने मान्यता दिलेल्या प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट. दुसरी, मान्यताप्राप्त कॉलेजचं असं सर्टिफिकेट किंवा डिग्री ज्यात कायद्याशी संबंधित किमान २४ सेमिस्टर युनिट्स आहेत. तिसरी, कुठल्याही विषयातलं बॅचलर्स, अधिक वकिलाच्या हाताखाली कायद्याशी संबंधित कामाचं किमान एक वर्ष, आणि त्या वकिलाने लेखी द्यायचं की ही व्यक्ती पॅरालीगलचं काम करायला लायक आहे. तो वकीलही आधीची किमान तीन वर्षं प्रॅक्टिसमध्ये असलेला हवा, कालच बार (वकिलीची परीक्षा) पास झालेला चालत नाही.

म्हणजे तुमच्या दोन्ही पर्यायांना विचारायचा प्रश्न एकच, मी कोणत्या वाटेने आत जाणार? खाजगीवाल्यांना विचारा एबीएची मान्यता आहे का, आणि नसेल तर २४ सेमिस्टर युनिट्स भरतात का. सहा महिन्यांच्या कोर्सेसपैकी बऱ्याच जणांचे भरत नाहीत. "एबीएच्या निकषांना धरून बनवलेला अभ्यासक्रम" असं काहीतरी सांगतील, ती मान्यता नव्हे. मान्यता असलेल्या प्रोग्रॅमची यादी एबीएच्या साईटवर आहे, त्यात नाव दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, मधलं काही नसतं. आणि कम्युनिटी कॉलेजांपैकीही काही त्या यादीत आहेत हे लोकांना माहितच नसतं.

एकदा आत आल्यावर दर दोन वर्षांनी ४ तास लीगल एथिक्स आणि ४ तास कायद्याचं शिक्षण पूर्ण करावं लागतं, ते बहुतेक फर्म करून घेते, त्याची काळजी नको.

टोचणी

सगळे हार घालायच्या आधी मी टाचणी टोचतो.

सरकारी आकडे बघा. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सप्रमाणे मे २०२४ मध्ये पॅरालीगल आणि लीगल असिस्टंट मिळून मीडियन पगार वर्षाला ६१,०१० डॉलर. ऐकायला बरं वाटतं, पण हा मधला आकडा आहे, त्यात पंधरा-वीस वर्षं मुरलेले लोक आहेत, सुरुवात करणारा तिथे नसतो. तळातले १० टक्के ४० हजारांच्याही खाली आहेत. आणि २०२४ ते २०३४ ची वाढ जवळपास शून्य धरलीय. शून्य.

वर एआय. डॉक्युमेंट रिव्ह्यू, डिपोझिशनचा (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबानीचा) सारांश, टाईमलाईन बनवणं, ही नवख्या पॅरालीगलला द्यायची कामं होती, आता सॉफ्टवेअर पहिला मसुदा काढून ठेवतं. जाहिराती उघडून बघा, "एंट्री लेव्हल" लिहितात आणि खाली दोन वर्षं अनुभव मागतात. सर्टिफिकेट विकणाऱ्या संस्थांचा धंदा मात्र जोरात आहे. ज्या कोर्सचा माणूस दर दोन दिवसांनी फोन करतो त्या कोर्सला गिऱ्हाईक कमी आहे एवढं सरळ आहे.

कागदी_घोडा

@टोचणी आकडे बरोबर, पण अर्धे. वाढ शून्य म्हणजे नोकऱ्या शून्य नाही. रिटायर होणारे, सोडून जाणारे, लॉ स्कूलला जाणारे (हे फार असतात) धरून दरवर्षी देशभरात पस्तीस-चाळीस हजार जागा निघतात असा त्याच ब्युरोचा अंदाज आहे. नवीन खुर्च्या वाढत नाहीत, पण रिकाम्या होत राहतात.

एआयचं म्हणाल तर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात काय झालं ते आठवा, माटा विरुद्ध एव्हियांका. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल ब्रीफमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी युक्तिवादात) टाकले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सायटेशन (निकालाचा संदर्भ) माणसाने उघडून वाचल्याशिवाय काही फाईल होत नाही. ते वाचणारा माणूस कोण? आम्हीच. काम बदललंय हे मान्य, संपलंय हे नाही.

हिशोबी

मला कायद्यातलं काही कळत नाही पण बेरीज-वजाबाकी येते.

२४ युनिट्स गुणिले ४६ म्हणजे १,१०४ डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या, ते धरूनही दोन हजारांच्या आत बसावं. दुसरीकडे ७,८००. सुरुवातीला तासाला २५ डॉलर मिळाले असं धरू (फक्त हिशोबापुरतं), तर १,१०४ म्हणजे साधारण ४४ तासांची कमाई, आठवडाभराची. ७,८०० म्हणजे ३१२ तास, जवळजवळ दोन महिने. टॅक्स कापायच्या आधी.

पण इथे थांबलात तर हिशोब चुकतो. तासाला २५ ने महिन्याला ४,२०० च्या आसपास होतात. महागडा कोर्स सहा महिन्यांत संपतो आणि स्वस्त दीड वर्षात. महागड्याने खरंच वर्षभर आधी नोकरी लागली तर तो ७,८०० चा कोर्स स्वस्त पडला! म्हणजे सगळं त्या "खरंच लागली तर" वर लटकलंय. खाजगीवाल्यांना लेखी विचारा, गेल्या वर्षी किती जणांनी पूर्ण केला, त्यातले किती पॅरालीगल म्हणून लागले, किती जण आधीपासूनच फर्ममध्ये होते. शेवटचा आकडा फार महत्त्वाचा, कारण आधीच नोकरीत असलेल्याला "प्लेसमेंट" धरायची सवय असते या लोकांना.

टॅक्सचं एक. लाईफटाईम लर्निंग क्रेडिट मिळू शकतं, खर्चाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर. ७,८०० वर १,५६० होतात. पण संस्था त्या क्रेडिटला पात्र लागते आणि जोडीने फाईल करणाऱ्यांचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या वर गेलं की क्रेडिट घटायला लागतं, १ लाख ८० ला शून्य. नवरा टेकमध्ये असेल तर विसरा.

नवी_विटी

बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे आभार.

हिशोबी, नवरा टेकमध्येच आहे, विसरले. :)

कागदी_घोडा दादा, कलम वाचलं. तिसरी वाट वाचून डोक्यात आलं की माझं बी.कॉम. तीन वर्षांचं आहे, ते बॅचलर्स धरतात का? आणि खाजगीवाल्यांना ईमेल केला, एबीए आहे का विचारलं. उत्तर आलं की "आमचा अभ्यासक्रम इंडस्ट्रीत मान्यताप्राप्त आहे". युनिट्सबद्दल काहीच लिहिलं नाही.

टोचणी

झालं, उत्तर मिळालं.

कागदी_घोडा

तीन वर्षांच्या डिग्रीचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (इथल्या डिग्रीशी तुलना करणारा दाखला) करून घ्यावं लागेल. कॉलेज आणि युनिव्हर्सिटी बघून कधी पूर्ण बॅचलर्स म्हणून देतात, कधी तीन वर्षांचं अंडरग्रॅड म्हणून देतात. आधी ते करा, कारण त्यावर तिसरी वाट उघडी आहे की नाही ते ठरणार. दुसऱ्या वाटेला बॅचलर्सची अट कायद्यात नाहीये, कॉलेजची स्वतःची असेल तर तेवढी बघा.

आणि माझं खरं मत आता सांगतो. सर्टिफिकेट आधी आणि नोकरी नंतर असं डोक्यात धरू नका. छोट्या फर्ममध्ये रिसेप्शनिस्ट, फाईल क्लार्क, लीगल असिस्टंट, जे मिळेल त्यावर शिरा आणि संध्याकाळी कॉलेज करा. दीड वर्षाने हातात सर्टिफिकेटही असेल आणि वर्षभराचा अनुभवही, म्हणजे दोन वाटांनी पात्र. जाहिरातीत ते जे दोन वर्षं अनुभव लिहितात ना, त्यातलं एक तुमच्याकडे असेल. माझ्याकडे अर्ज येतात तेव्हा नुसतं सर्टिफिकेटवाल्यांचा गठ्ठा वेगळाच असतो, आणि खरं सांगायचं तर तो शेवटी उघडला जातो.

फर्मच्या बाजूने बघितलं तर का ते कळेल. १९८९ च्या मिसूरी विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पॅरालीगलचे तास बाजारभावाने लावून वसूल करता येतात, पण तिथेच तळटीप आहे की निव्वळ कारकुनी काम पॅरालीगलच्या दराने लावायचं नाही, मग ते कोणीही केलेलं असो. म्हणजे माझा तास फर्म क्लायंटला विकते. मी झेरॉक्स काढत बसलो तर तो तास बुडाला. त्यामुळे फर्मला पहिल्या महिन्यापासून बिल लावता येईल असा माणूस हवा असतो, आणि ते कुठलंच सर्टिफिकेट शिकवत नाही.

काम कसलं तर उदाहरण देतो. मोशनची (कोर्टाला केलेल्या अर्जाची) सुनावणी ठरली की नोटीस सुनावणीच्या किमान १६ कोर्ट डेज आधी समोरच्याला सर्व्ह झाली (पोचवली गेली) पाहिजे. कोर्ट डेज म्हणजे शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून, सुनावणीच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. इलेक्ट्रॉनिक सर्व्हिस असेल तर त्यात आणखी दोन कोर्ट डेज, राज्यातल्या राज्यात पोस्टाने असेल तर पाच कॅलेंडर डेज. समोरच्याचं ऑपोझिशन (लेखी विरोध) ९ कोर्ट डेज आधी, आपला रिप्लाय ५. फेब्रुवारीत १२ तारखेला लिंकनचा वाढदिवस, स्टेट कोर्टाला सुट्टी आणि फेडरलला नाही, तिथे नवखा हमखास एक दिवसाने घसरतो. एक दिवस घसरला की जज मोशन बघायलाच नकार देऊ शकतो आणि मग वकील तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. सॉफ्टवेअर आहे मोजायला, तरी आम्ही हाताने परत मोजतो.

तुम्ही सातबाऱ्यावरची खोट काढायचात ना, तीच नजर इथे लागते. डिस्कव्हरीत (दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागदपत्रं देणं) हजारो पानं जातात, प्रत्येकावर बेट्स नंबर (पानाचा अनुक्रमांक), आणि मध्येच एखादं वकील-क्लायंट ईमेल चुकून समोरच्या पार्टीला जायला नको. ते पकडणाऱ्या माणसाला फर्म सोडत नाही.

आजोळ

मी न्यू जर्सीत इमिग्रेशन पॅरालीगल आहे. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही! फर्मने विचारलंच नाही, कारण इथे कॅलिफोर्नियासारखं कलम नाही. मी शिरले ती डेटा एंट्री म्हणून, फॉर्म भरायला.

नवी_विटी, अगं तू इमिग्रेशनकडे बघितलंस का? आपल्याला त्यातले अर्धे शब्द घरातूनच माहीत असतात. आय-१२९, आय-१४० (वर्क व्हिसा आणि ग्रीनकार्डचे अर्ज), पर्म (ग्रीनकार्डसाठी कामगार खात्याची मंजुरी), आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस), हे ऐकून बाकीच्या नवशिक्यांना घाम फुटतो आणि आपण जेवताना त्यावर भांडलेलो असतो. आणि क्लायंट जेव्हा भारतातल्या जन्मदाखल्यावर नावच नाही किंवा आईचं नाव दोन ठिकाणी वेगळं आहे असं सांगतो तेव्हा ते का होतं हे अमेरिकन पॅरालीगलला समजावायला अर्धा तास लागतो, आपल्याला एक मिनिट.

पण मऊ काम समजू नकोस. पर्मच्या फाईलमध्ये दोन रविवारच्या पेपरातल्या जाहिराती, राज्याच्या वर्कफोर्स एजन्सीकडे ३० दिवसांची जॉब ऑर्डर, ऑफिसात १० बिझनेस डेज लावलेली नोटीस, प्रत्येकाचे पुरावे तारखांसकट, आणि हे सगळं ठराविक मुदतीच्या आतच बसलं पाहिजे. जाहिरात जुनी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. त्या माणसाची ग्रीनकार्डची रांगेतली जागा तुझ्या एक्सेल शीटवर अवलंबून असते. मार्चमध्ये एच-१बी लॉटरीचं रजिस्ट्रेशन असतं तेव्हा घरचे मला ओळखत नाहीत.

ओव्हरटाईमचं मात्र विचारून घे. फेडरल नियमात पॅरालीगल सहसा ओव्हरटाईमला पात्र धरले जातात, पगारी म्हणून ठेवलं म्हणून तो हक्क जात नाही. काही फर्म "सॅलरीड" म्हणून गप्प बसवतात.

आणि एक धोक्याचं. मंडळात कळलं की तू इमिग्रेशनवाली, की गणपतीच्या रांगेत लोक फोनवर आरएफई उघडून दाखवतात, "जरा बघ ना गं". बघायचं नाही. सल्ला दिला की ती विनापरवाना वकिली होते, आणि नोकरी जाते ते वेगळंच. मी सरळ सांगते, मला फक्त वकिलाच्या हाताखाली काम करता येतं, फर्मला फोन करा. दोन काकू अजून रागावल्यात.

उगाच

मी पण दाखवलं होतं एकीला. मोदक घेतला आणि निघून गेली. आत्ता कळलं का ते.

बाराखडी

धाग्याला थोडं अवांतर, पण मी पुण्यातून एलएल.बी. आहे, सनद आहे, कोर्टात थोडी प्रॅक्टिसही केलीय. इकडे येऊन सगळे म्हणतात पॅरालीगल कर. मला ते खाली उतरल्यासारखं वाटतं, स्पष्टच बोलते. करावं का?

आजोळ

@बाराखडी नाही! निदान लगेच तरी नाही. तू बारचं बघ आधी.

कागदी_घोडा

@बाराखडी तुमची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात परदेशात वकील म्हणून सनद असलेल्याला एलएल.एम. न करताही बार परीक्षेला बसण्याची सोय आहे. नुसती डिग्री आहे पण सनद नाही त्यांना मात्र इथे शिकावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये डिग्री बारच्या बोर्डाकडून तपासून घ्यावी लागते, आणि बऱ्याच भारतीयांना तिथे २४ क्रेडिटचं एलएल.एम. करून जावं लागतं. परीक्षा अवघड आहे, पण तुमच्याकडे पॅरालीगल सर्टिफिकेटवर एक डॉलरही घालायचं कारण मला दिसत नाही. अभ्यास चालू असताना फर्ममध्ये पॅरालीगल म्हणून शिरलात तर तो खाली उतरणं नाही, इथली कोर्टं आतून बघायला मिळतात आणि पगारही. एकच, रेझ्युमेवर "ॲडव्होकेट" लिहाल तर पुढे भारत लिहा, नाहीतर इथे गैरसमज होतो आणि तो बारच्या अर्जात त्रास देतो.

शार्लटकर

नॉर्थ कॅरोलायनातून. आमच्याकडे उलटं आहे, स्टेट बार २००५ पासून पॅरालीगलचं सर्टिफिकेशन देतं, ऐच्छिक आहे, पण जाहिरातींमध्ये सर्रास मागतात. त्या परीक्षेला शिक्षणाच्या वाटेने बसायचं तर बारने मान्य केलेला पॅरालीगल अभ्यासक्रम लागतो. म्हणजे इथे चुकीच्या कॉलेजचं सर्टिफिकेट घेतलं तर ती वाट बंद.

लोक दोन गोष्टी एक समजतात म्हणून लिहितो, कॉलेज देतं ते सर्टिफिकेट, आणि परीक्षा पास करून मिळतं ते सर्टिफिकेशन. दुसऱ्यात देशभर चालणारं म्हणजे नालाचं, नॅशनल असोसिएशन ऑफ लीगल असिस्टंट्स, ते १९७६ पासून आहे, नावापुढे सीपी लावता येतं. त्याला कुठल्याही विषयाचं बॅचलर्स आणि एक वर्ष पॅरालीगलचा अनुभव एवढ्यावरही बसता येतं. फ्लोरिडा, टेक्सास यांचं स्वतःचं वेगळं आहे. एच-१बीवाल्या घरात कधी राज्य बदलावं लागेल सांगता येत नाही, मग निवड करताना हे धरा की एबीएची मान्यता सगळीकडे ओळखतात, २४ युनिट्सची भाषा फक्त कॅलिफोर्नियात.

नवी_विटी

राज्य बदलण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. नवऱ्याचा प्रोजेक्ट टेक्सासला जायची बोलणी अधूनमधून चालू असतात.

कॉलेजला परत फोन केला. ते एबीएच्या यादीत आहेत, मी यादीतही तपासलं. पण आता नवीन, रेसिडेंट नसाल तर युनिटचा दर कितीतरी पट आहे म्हणाले आणि एच-४ म्हटल्यावर बाई जरा अडखळल्या.

हिशोबी

थांबा, ४६ हा दर कॅलिफोर्निया रेसिडेंटसाठीच आहे. बाहेरच्यांना त्यावर नॉन-रेसिडेंट ट्युशन लागते, ती पकडली तर माझा वरचा सगळा हिशोब आडवा होतो आणि ७,८०० वाल्याच्या जवळ जाऊन बसतो. म्हणून ते आधी मिटवा.

आजोळ

एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियात रेसिडेन्सी मिळू शकते गं, एफ-१ (विद्यार्थी) किंवा बी-२ (पर्यटक) व्हिसासारखं नाही ते. वर्षभराहून जास्त राहिल्याचे पुरावे लागतात, लीज, स्टेटचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, असे. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं, तू ॲडमिशन्स ऑफिसात रेसिडेन्सीचं कोण बघतं ते विचार आणि लेखी घे.

दुसरं, ईएडीच्या रिन्युअलचं आत्ताच कॅलेंडरवर टाक. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झालीय. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर काम थांबवावं लागतं. तुझ्या फायद्या-तोट्याच्या हिशोबात ही गॅप धर, कारण नवीन नोकरीत सहाव्या महिन्यात दोन महिने घरी बसावं लागलं तर छोटी फर्म थांबेलच असं नाही.

टोचणी

हे कोणीतरी बोलायला हवं होतं. माझा मुद्दा तोच आहे, खर्च म्हणजे फक्त फी नव्हे. दीड वर्ष संध्याकाळी क्लास, मूल लहान, ईएडी नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेलं, आणि शेवटी तासाला पंचवीस-तीस. त्यापेक्षा बँकेतला अनुभव आहे तर एस्क्रो (घराच्या व्यवहारातले पैसे आणि कागद मध्यस्थ म्हणून सांभाळणारी) किंवा टायटल (मालकी हक्क तपासणारी) कंपनीत बघा ना. टायटल सर्च, लोन डॉक्युमेंट्स, तुमचंच जुनं काम, सर्टिफिकेटशिवाय घेतात, आणि त्यांना नजर असलेली माणसं लागतात.

कागदी_घोडा

टोचणीशी पहिल्यांदाच सहमत. एस्क्रो असिस्टंट चांगली कल्पना आहे आणि तिथून रिअल इस्टेट लॉ फर्ममध्ये येणारे मी पाहिलेत. फक्त ते वकिलाच्या हाताखालचं काम नसेल तर कलम ६४५० च्या एका वर्षात धरता येणार नाही हे लक्षात ठेवा. तुमची तिसरी वाट धरायची असेल तर वकील लागेल.

आणि हो, कोणी "पॅरालीगल होऊन घरबसल्या लोकांचे कागद करून द्या" असं सुचवलं तर कॅलिफोर्नियात ते चालत नाही. ग्राहकाला थेट सेवा द्यायची तर लीगल डॉक्युमेंट असिस्टंट म्हणून काउंटीत नोंदणी करावी लागते आणि २५,००० डॉलरचा बाँड लागतो. त्यातही सल्ला देता येत नाहीच.

बाराखडी

बार परीक्षेचं वाचून आले. आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं. कागदी_घोडा, विपु (विचारपूस) केलीय, वेळ मिळेल तेव्हा बघा.

नवी_विटी

सध्या ठरवलंय ते असं. डिग्रीचं इव्हॅल्युएशन पाठवते. कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसची अपॉइंटमेंट घेतलीय. रेसिडेंट दर मिळाला तर एकच विषय घेऊन बघणार, इंट्रो टू पॅरालीगल, तीन युनिट्स म्हणजे १३८ डॉलर. नाही झेपलं तर तेवढेच गेले. त्याचवेळी एस्क्रो आणि इमिग्रेशन फर्म दोन्हीकडे अर्ज टाकणार. खाजगीवाल्या बाईंना नको म्हणून कळवलं तर त्यांनी फी १,५०० ने कमी केली!

एक शेवटचं विचारते, रेझ्युमेवर गॅपचं आणि बँकेच्या कामाचं कसं लिहू? सातबारा, इंडेक्स टू त्यांना काय कळणार?

आजोळ

नावं लिहूच नकोस. लिही की जमिनीच्या मालकीचे सरकारी उतारे आणि नोंदणीकृत खरेदीखतं तपासून टायटलमधले दोष शोधायचीस, वकिलाच्या ओपिनियनशी ताडून बघायचीस, आणि दोष असलेल्या फाईल अडवायचीस. इथले वकील हे वाचून लगेच ओळखतात, टायटल एक्झामिनेशन. गॅप एका ओळीत, घरच्या जबाबदाऱ्या आणि वर्क परमिट नव्हतं, बस. परमिट नव्हतं हे इमिग्रेशन फर्मला समजावून सांगावं लागत नाही.

मसुदा झाला की विपुत टाक, रविवारी रात्री बघते, एच-१बीच्या धामधुमीत असेन तर सोमवारी.

टोचणी

१,५०० ने कमी केली म्हणजे अजून दोनदा नाही म्हणा, बघू कुठपर्यंत येतात.